ऐसपैस

१

रविवारी सकाळी गल्लीतले लोक अंथरुणात लोळत असत, तेव्हा तिचा नवरा बादली, फडकी आणि मेणाची डबी घेऊन गाडीला न्हाऊमाखू घालत असायचा.

"पोटच्या पोराला कुणी एवढं घासत नसेल," ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायची.

"पोर मोठं झालं की उलटून बोलतं," तो फडकं पिळत म्हणायचा. "ही नाही बोलत."

गाडी होतीच तशी. पन्नासच्या दशकातली अमेरिकन. आभाळी रंग, पांढरं टप, पुढे क्रोमची बत्तिशी आणि मागे दोन्ही बाजूंना ताठ उभे दोन पंख. त्या पंखांना काहीही काम नव्हतं. गाडी उडत नव्हती, पोहत नव्हती. पण असं कुणी बोलून दाखवलं की तो मनापासून दुखावला जायचा. लहानपणी अशीच एक गाडी शाळेच्या रस्त्यावरून गेली, आणि हा दप्तरासकट तिच्या मागे धावत गावाबाहेर गेला होता. तेव्हापासूनचं हे खूळ. पुढे एका बंद पडलेल्या हॉटेलच्या परसात त्याला ही सापडली. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. तिला उभी करण्यात त्याच्या कित्येक वर्षांच्या सुट्ट्या गेल्या. गल्लीत त्याचं नाव पंखवाले पडलं, आणि ते त्याला मनातून आवडायचं.

आठवडाभर तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोटातल्या काळोख्या बोळकांडीत, भिंत आणि लोखंडी दोर यांच्या मधे अंग चोरून उभं राहायचं, असा त्याचा पेशा. म्हणूनच की काय, त्याला ऐसपैस जागेचं वेड होतं. "त्या लोकांची दानत बघ," गाडीचं दार उघडून तो पाहुण्यांना सांगायचा. "माणसाला पाय पसरायला जागा लागते, हे त्यांना कळत होतं. आताच्या गाड्या म्हणजे नुसत्या काडेपेट्या."

तिचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढता काढता तिची अर्धी हयात गेली होती. तिला जुन्या गाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रविवारची फेरी तिला आवडायची. पुढच्या लांबलचक सीटवर ती दोघं आणि मागच्या सीटवर बाबा, म्हणजे तिचे सासरे, एकटे. बाबा शाळेत कवायतीचे मास्तर होते. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोराला सावधान करणारा त्यांचा आवाज निवृत्तीनंतरही तसाच होता. घरापासून धरणापर्यंत आणि धरणापासून घरापर्यंत ते दिसेल त्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येक मालकाची अक्कल काढायचे.

२

त्या रविवारी तिने नेहमीसारखा थर्मासमधला चहा कपात ओतला आणि मागे न बघताच हात मागे केला. बाबा कप घेतील म्हणून थांबली. कप कुणी घेतला नाही.

तिने वळून पाहिलं. बाबांचा हात पुढे आलेला होता. त्यांची बोटं आणि कप यांच्या मधे वीतभर जागा होती.

"बाबा, जरा पुढे सरका की."

"अगं, पुढेच सरकलोय. अजून सरकलो तर खाली बसेन."

खरंच, ते सीटच्या अगदी कडेवर टेकले होते. तिला हसू आलं. बाबाही हसले. शेवटी ती सीटवर गुडघे टेकून उलटी बसली आणि पाठीवरून वाकून कप त्यांच्या हाती दिला. त्या खटाटोपात थोडा चहा तिच्या मनगटावर सांडला.

"सीट सरकली वाटतं," ती नवऱ्याला म्हणाली.

"ही सीट सरकत नसते. मी स्वतः बोल्ट आवळलेत."

धरणावर गाडी थांबल्यावर तिने मुद्दाम हात मागे करून पाहिला. तो बाबांच्या गुडघ्याला लागला. वळणावर गाडी कलली असेल, बाबा मागे झुकले असतील, असं तिने मनाशी म्हटलं आणि विषय सोडून दिला.

३

पण पुढच्या रविवारी बाबांच्या आवाजाने घोटाळा केला.

आवाज बसला होता असं नाही. घरी न्हाणीघरातून "टॉवेल!" म्हणून ओरडले की शेजारचं कुत्रं उठून उभं राहायचं. पण गाडी रस्त्याला लागली की तोच आवाज बारीक व्हायचा, भिंतीपलीकडून आल्यासारखा. पाट्या उशिरा यायच्या. औषधाचं दुकान मागे पडून पेट्रोल पंप आला, की मागून "औषधांचं दुकान!" असं ऐकू यायचं. नवऱ्याने एखादा विनोद केला की ती हसायची, तो हसायचा, दोघं दुसऱ्याच विषयावर बोलू लागायची, आणि मग बाबांचं हसू यायचं.

"बाबांना कमी ऐकू येतंय का हो?" तिने विचारलं.

"वय झालं."

तिने समोरच्या आरशात पाहिलं. मागे बसलेल्या माणसाचं डोकं आणि खांदे एवढंच त्या आरशात दिसायचं. त्या दिवशी बाबा पूर्ण दिसत होते. पांढऱ्या केसांपासून बुटांच्या नाड्यांपर्यंत. दोन्ही बाजूंना रिकामी सीट होती, आणि ते तिच्यावर नीट मांडून ठेवलेल्या बाहुलीएवढे दिसत होते.

तिचा धंदाच काचांचा. फुगीर आरसा माणसाला लहान करतो, हे तिने हजारदा लोकांना समजावलं होतं. सोमवारी नवरा कामावर गेल्यावर तिने आरसा स्क्रू काढून दुकानात नेला, मशीनखाली धरला, चारी कोपऱ्यांतून तपासला. आरसा सपाट होता. ताटासारखा सपाट.

तिने तो पुसून परत जागेवर बसवला. डोळे आपलेच तपासून घ्यायला हवेत, असं म्हणत तिने दुपारी आपल्याच दुकानात आपलाच नंबर काढला. नंबर बदलला नव्हता.

४

गाडी गॅरेजमधे उभी असताना तिने शिवणकामाची टेप घेतली आणि मोजमाप केलं. पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या सीटच्या पाठीपर्यंत. मग मागे जाऊन बसली. जागा चांगली होती, पण जशी असायला हवी तशीच. पाय पुढे केले की समोरच्या सीटला लागत होते. गाडीत मेणाचा आणि जुन्या कातड्याचा वास होता, आणि इतकी शांतता होती की तिला स्वतःच्या बांगड्यांचा आवाज मोठा वाटला.

'आपलं डोकं फिरलंय,' तिला वाटलं, आणि जरा बरंही वाटलं. डोकं फिरलं असलं तर त्यावर औषध मिळतं.

रविवारी निघताना तिने लोकरीचा नवा गुंडा बरोबर घेतला. गॅरेजमधून बाहेर पडण्याआधी, गाडी उभी असतानाच, तिने लोकरीचं टोक मागे दिलं.

"बाबा, हे जरा धरून बसा. गुंडा सैल झालाय, मला परत गुंडाळायचाय."

"या वयात आता पतंग उडवू म्हणतेस?" बाबांनी टोक बोटाला गुंडाळून घेतलं.

नवऱ्याने गाडी सुरू केली. ती गुंडा मांडीवर घेऊन बसली. गल्ली संपेपर्यंत काही झालं नाही. मोठा रस्ता लागला, गाडीने वेग घेतला, आणि मांडीवरचा गुंडा हळूच कुशीवर वळला.

मग पुन्हा एकदा. मग तो फिरतच राहिला. लोकर तिच्या खांद्यावरून मागे जात होती, कुणी ओढत नसताना, सैल न पडता, एकसारखी. तिने गुंडा हातात धरला तर तो तळव्यात गुदगुल्या करत फिरू लागला. लहान झाला, लिंबाएवढा झाला, सुपारीएवढा झाला, आणि दुसरं टोक तिच्या बोटांमधून निसटून सीटच्या पाठीवरून पलीकडे गेलं.

तिने मागे वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण मान वळेना.

बऱ्याच वेळाने मागून बाबांचा आवाज आला, मैदानाच्या त्या टोकावरून आल्यासारखा. "सूनबाई... संपली का गं लोकर?"

५

"तुम्हाला दिसतंय का नाही?" घरी आल्यावर तिने नवऱ्याला गॅरेजमधेच गाठलं. बाबा आत झोपायला गेले होते.

तो पंखावरची धूळ पुसत होता. त्याने नाही म्हटलं असतं तर तिला चाललं असतं. 'काय बडबडतेस' म्हणून तो खेकसला असता तरी चाललं असतं. पण तो लाजला. एखाद्याची गुपचूप ठेवलेली मिठाई सापडावी तसा लाजला.

"तुझ्याही लक्षात आलं होय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस. इंजिन नीट सुरात लागल्यापासून." त्याने पंखावर तळवा ठेवला. "गाडी खुलतेय गं. बाहेरून तसूभर वाढली नाही, मी रोज मोजतो. सगळी वाढ आतल्या आत. लोक चार भिंती लांब करायला जन्मभर मरमर मरतात. आणि ही आपणहून जागा देतेय."

"पण बाबा मागे बसतात!"

"मग? त्यांना विचार ना."

तिने विचारलं. बाबा पलंगावर पाय चोळत बसले होते. त्यांनी आधी इकडचं तिकडचं केलं, मग म्हणाले, "तिथे मला बरं वाटतं. तिथे गुडघे दुखत नाहीत. खरं सांगतो."

"आणि हल्ली तुम्ही दाराला चिकटून का बसता? एवढी सीट मोकळी असताना?"

बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "एकट्याने मधोमध पसरून बसणं बरं दिसत नाही."

"कुणाला बरं दिसत नाही?"

"असं एक आपलं."

तिने बाबांना परत गाडीत बसू द्यायचं नाही असं ठरवलं. पण बाबा हट्टाला पेटले. पोरांना उन्हात उभं करणारा माणूस तो, सुनेचं थोडंच ऐकणार! नवरा म्हणाला, "त्यांच्या आयुष्यातली एक मजा आहे, ती पण काढून घे." शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. मग या रविवारी मी त्यांच्याजवळ मागे बसेन."

"बस की," नवरा आनंदाने म्हणाला. "जागाच जागा आहे."

६

घर ते मोठा रस्ता, सगळं सुरळीत होतं. मागे तिच्या गुडघ्यांसमोर पुढच्या सीटची पाठ होती, त्यावर नवऱ्याची मान होती, मानेवर वाढलेले केस होते. 'याला न्हाव्याकडे पाठवायला हवं,' तिच्या मनात आलं.

मग गाडीने वेग घेतला, आणि मान लांब जायला लागली.

आवाज नाही, हिसका नाही. फलाटावर आपण उभं असावं आणि समोरची गाडी सुटावी, तसं. पायाखालचा गालिचा त्या बाजूला पसरत गेला. आधी एखाद्या खोलीएवढा, मग शाळेच्या ओसरीएवढा. त्या गालिच्यावर मागच्या रविवारची लोकर पडलेली होती. सरळ रेघ, पुढे पुढे बारीक होत गेलेली. खिडकीबाहेर मात्र नेहमीचीच दुकानं नेहमीच्याच वेगाने मागे पळत होती. एक बाई बाल्कनीत चादर झटकत होती.

"अहो!" तिने हाक मारली. "अहो, थांबवा!"

"नको ओरडूस," बाबा म्हणाले. इथे त्यांचा आवाज स्पष्ट होता, जवळचा. "त्याला नाही ऐकू जात. मी सुरुवातीला खूप हाका मारल्या."

"मग सांगितलं का नाही?"

"घरी गेलं की वाटायचं, काहीतरीच. तुम्ही दोघं जवळच तर असायचात." त्यांनी तिचा हात हातात घेतला. "आणि मग सवय झाली. तू समोर बघ. त्या अंगाला बघू नकोस."

त्या अंगाला म्हणजे त्यांच्या पलीकडे. साहजिकच तिने बघितलं. सीट तिकडेही वाढली होती. पलीकडचं दार पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसत होतं. मधली सगळी सीट रिकामी होती. नुसतं कातडं, आणि त्यावर पडलेलं ऊन. पण ऊन सगळीकडे सारखं पडलं नव्हतं. एका ठिकाणी कातडं खोल दबलेलं होतं, आणि ती बघत असतानाच ते सावकाश वर आलं. मग त्याच्या अलीकडे, हातभर जवळ, दुसरीकडे दबलं.

बाबा तिच्याकडे सरकले.

७

रेल्वेच्या फाटकाने तिला वाचवलं. फाटक पडलं होतं. पलीकडून मालगाडी चालली होती. गाडी थांबली, पण इंजिन चालू होतं, आणि समोरची मान जवळ आली नाही.

तिने आपल्या बाजूचं दार ढकललं. दार हलकेच उघडलं. बाहेर डांबराचा वास होता, ऊन होतं, मोटारसायकलवर बसलेला एक माणूस जांभई देत होता. तिने बाबांचा दंड धरून त्यांना ओढलं. ते जड लागले, आतून कुणी कोट धरून ठेवल्यासारखे. मग एकदम सुटले आणि तिच्या अंगावर आले.

बाहेरून गाडी एवढीशीच होती. पुढची खिडकी हाताच्या अंतरावर होती, आणि तिच्यात नवरा बसला होता, कोपर बाहेर काढून.

"अगं, उतरलात का?" त्याचे ओठ हलले. शब्द त्यानंतर आले.

"तुम्हीही उतरा. आत्ताच्या आत्ता."

तेवढ्यात मालगाडी संपली, फाटक उठलं, मागच्या सगळ्यांनी हॉर्नचा गदारोळ केला. त्याने हसून पुढे बोट दाखवलं. "पुढे बाजूला घेतो," असं काहीसं म्हणाला. गाडी रूळ ओलांडून गेली आणि पलीकडच्या झाडाखाली व्यवस्थित कडेला लागली. दोघं बघत होती. कुणी उतरलं नाही.

ती बाबांना धरून गाडीपर्यंत गेली. इंजिन चालूच होतं. पुढची सीट रिकामी होती. किल्ली जागेवर, काच खाली. सीटवर हात ठेवला तर ती गरम होती.

"गेला असेल झुडपामागे," ती म्हणाली. तिचा स्वतःचाच विश्वास बसला नाही.

बाबा गाडीला वळसा घालून मागे गेले होते. दोन पंखांच्या मधून वाकून ते मागच्या काचेतून आत बघत होते. "हा काय," ते सुटका झाल्यासारखे म्हणाले. "बसलाय की."

ती मागे गेली, काचेला कपाळ लावलं. समोर मागची सीट, तिच्यापुढे गालिचा, खूप गालिचा, आणि त्या टोकाला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेला, वाटाण्याएवढ्या डोक्याचा माणूस. वाढलेले केस. तोच सदरा.

ती धावत पुढे आली. सीट रिकामी. परत मागे गेली. तो होता.

काचेतून माणूस लहान दिसू शकतो. नसलेला माणूस दिसू शकत नाही. जगात कुठलीच काच तसं करत नाही.

बाबा म्हणाले, "इंजिन बंद कर. बंद झालं की सगळं जवळ येतं. दरवेळी येतं."

तिने खिडकीतून हात घालून किल्ली धरली. आणि तिथेच थांबली. अंतर मिटतं हे खरं. पण बाबा दरवेळी आपल्या सीटवर बसलेले असायचे. हा इथल्या सीटवर नाहीच. मधलं सगळं मिटलं, तर हा कुठे मिटणार?

तिच्याच्याने किल्ली फिरवेना. फिरवायची गरजही पडली नाही. पेट्रोलचा काटा तळाला गेलेला होता. फाटकावरचा जांभई देणारा मोटारसायकलवाला मागून आला, तिने त्याला थांबवलं, पण तो पेट्रोल आणायला जाईपर्यंत इंजिन खोकलं, हललं आणि बंद पडलं.

काही जवळ आलं नाही. त्या शांततेत पंखांच्या टोकांना लाल उजेड दिसला. बंदुकीच्या गोळीसारखे दोन निमुळते दिवे, भर उन्हात पेटलेले. ब्रेक दाबला की पेटतात ते.

८

पोलीस आले, गेले. माणूस रस्त्यात गाडी सोडून निघून गेला, अशी त्यांनी समजूत करून घेतली. असे बरेच जातात म्हणे. साहेबांनी मागच्या काचेतून डोकावून पाहिलं आणि रुमालाने काच पुसली. "जुन्या काचा," ते म्हणाले, "लांबचं दिसतं." आणि चटकन बाजूला झाले.

गाडी ओढत घरी आणून गॅरेजमधे उभी केली. दिवे लालच होते. गल्लीतल्या मेकॅनिकने बॅटरीच काढून बाहेर ठेवली. दिवे तरीही विझले नाहीत. त्याने बॅटरी तिथेच टाकली, हात पुसले, आणि पुन्हा त्या घराकडे फिरकला नाही.

बाबांनी आपली खुर्ची गॅरेजमधे नेली. दिवसभर मागच्या काचेपाशी बसून राहायचे. "ब्रेक दाबून बसलाय," ते सांगायचे. "पाय सोडत नाही. शहाणा आहे माझा पोर." ती दुकान उघडायची, लोकांना अक्षरं वाचायला लावायची, आणि जेवायच्या सुट्टीत येऊन बाबांच्या खांद्यावरून एकदा बघून जायची. डोकं तेवढंच असायचं. वाटाण्याएवढं.

एका दुपारी ती आली तेव्हा गॅरेजच्या भिंतीवर लाल उजेड नव्हता.

"आत्ताच विझले," बाबा उठून उभे राहिले होते. "पाय काढला त्याने. सूनबाई, निघाला तो!"

"पण कुठल्या बाजूला?"

तिचं बोलणं संपायच्या आत पंखांच्या खाली पांढरा दिवा लागला. गाडी मागे घेताना लागतो तो. गाडी जागची हलली नाही, चाकं फिरली नाहीत, इंजिन गार होतं. पण बाबांनी काचेवर दोन्ही तळवे टेकवले आणि ते लहान पोरासारखे नाचायचेच बाकी राहिले.

"येतोय! येतोय बघ!"

तिने पाहिलं. गाडी मागे घेताना कुणीही बसतो तसा तो बसला होता. एक हात सीटच्या पाठीवर टाकलेला, मान पूर्ण मागे वळवलेली, तोंड इकडे. सदरा त्याचाच होता. केस त्याचेच. तोंड आधी बोराएवढं होतं, मग सुपारीएवढं झालं. एवढ्या अंतरावरून चेहरा ओळखायला तिला कधी अडचण आली नव्हती, आणि नवऱ्याचा चेहरा तर ती काळोखातही ओळखायची. पण हा जसजसा जवळ येत होता तसतसं तिला काही ठरवता येईना. नाक होतं, डोळे होते, हसू होतं. मागे येणारा माणूस मधेच आरशात बघतो, या अंगाला बघतो, त्या अंगाला बघतो. हा कुठेच बघत नव्हता. फक्त तिच्याकडे.

"तोच आहे ना गं?" बाबांनी विचारलं. त्यांचे तळवे काचेवरून खाली आले होते.

एका हाताने बाबांचा दंड धरून तिने त्यांना बाहेर उन्हात ओढलं आणि दुसऱ्या हाताने शटर खाली खेचलं.

"माझा पोर आहे तो!" बाबा शटरला खालून बोटं घालून वर उचलू लागले. त्यांच्या हातात अजून मैदानावरची ताकद होती. शटर वीतभर उठलं. खालच्या फटीतून पांढरा उजेड त्यांच्या बुटांवर पडला.

आत पुढच्या सीटची स्प्रिंग करकरली. जड माणूस टेकल्यासारखी. मग दार उघडल्याचा आवाज आला, मग फरशीवर पावलं, बेताची, नेहमीच्या चालीची. पावलं शटरपाशी येऊन थांबली.

"सूनबाई," तिच्या नवऱ्याचा आवाज लाडाने म्हणाला, "उघड की."

बाबांचे हात जागच्या जागी थिजले. मग त्यांनी आपल्या सगळ्या वजनानिशी शटर खाली दाबलं.